सावलउतारावरच्या भुईभाकरी

येनीयुर्त, २ ऑक्टोबर १९९६

नेझाहतबाई,

पाकिटावरच्या अक्षरावरूनच तुम्ही ओळखलं असेल की पत्र केझबानचं आहे. चार वर्षं तुमच्या फुलांच्या चिठ्ठ्यांवर नंबर घातले, त्यामुळं आकडे तरी आता सरळ येतात. अक्षर तसंच आहे, बकरी चिखलातून गेल्यासारखं. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी फुलांचं वाचा.

यंदा सावलउतारावर फुलं पंधरा दिवस उशिरा आली. खालच्या अंगाला, जिथं तुम्ही लाल दोरा बांधला होता, तिथं आधी करवती कडांची उमलली. वर पाइनच्या झाडांखाली साध्या कडांची. आणि मधल्या पट्ट्यात तुमची ती, जी धड इकडची ना तिकडची. पाकळीची एक बाजू दातेरी, दुसरी गुळगुळीत. कोवळं पान गुलाबी, पण चांदीचा डाग वरच्या जातीसारखा गोल. गेल्या आठवड्यात मी एकटीच बसून मोजली. दोनशे अकरा भरली. तुमच्या वहीत शेवटचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आहे. वही इथंच वरच्या खोलीत आहे, फडक्यात बांधून ठेवली आहे.

आता दुसरं. संगमरवराची खाण सुरू झाली. अजून डोंगराच्या पूर्वेच्या खांद्यावर आहे, सावलउतारापासून लांब. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला भोंगा वाजतो, मग जमीन हलते आणि फळीवरचे चहाचे ग्लास एकमेकांना आपटतात. दुर्मुश खाणीवर लागला. पहिल्या वर्षी "शहरातली बाई आमच्या घरात चालायची नाही" म्हणणारा आणि तिसऱ्या वर्षी तुमच्यासाठी अक्रोडाची काठी तासून देणारा माझा नवरा आता मोठं यंत्र चालवतो. तोंड पांढरं करून घरी येतो. मुलगा दुर्सुन पूर्वेला पलटणीत आहे, त्याला हे अजून कळवलेलं नाही.

लोक काही ना काही बोलतात. कुणी म्हणतं तुम्हाला युनिव्हर्सिटीतून काढलं. गावचा मुख्तार म्हणतो, काढलं नाही, तिनंच राजीनामा दिला. दुकानात कुणीतरी जुना पेपर वाचून दाखवला, त्यात 'बागेला जंगल म्हणणारी' असं तुमच्याबद्दल छापलेलं होतं. सगळे हसले. मी मीठ घेतलं आणि निघून आले.

तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. दुसऱ्या कुणी कधी काही लावलं असेल तर मला काय ठाऊक? डोंगर काही माझ्या परसात नाही.

सासूबाई अंथरुणावर आहेत. रोज विचारतात, "फुलांची पोर आली नाही का गं?" मी म्हणते, येईल.

अंजिरं पाठवत आहे. तुमच्या आईंना माझे सलाम.

केझबान

*

२१ ऑक्टोबर १९९६

नेझाहतबाई,

उत्तर नाही. अंजिरं परतही आली नाहीत, म्हणजे पत्ता तरी बरोबर असावा.

मागच्या पत्रात मी जरा ताठ्यानं लिहिलं. पोस्टमन ते घेऊन खाली उतरला आणि मला वाटलं, पळत जाऊन परत मागावं. चार दिवस हात कामाला लागत नव्हता.

गेल्या वर्षी तुमची फुलं तपासायला कमिटी आली तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अंकाराचे ते प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. चढताना धापा टाकत होते, तरी वाटेत सासूबाईंना सलाम करून पुढं गेले. त्यांनी वरची माती काढायला लावली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हळू, मुळं तुटतील." म्हातारे कंद उघडे पडले, एकेक पोळपाटाएवढा. आम्ही त्याला भुईभाकर म्हणतो हे तुम्हाला फार आवडायचं. 'सायक्लामेनपेक्षा हेच नाव खरं,' म्हणायचात.

मग त्यांनी टेप काढली. "इथून इथं, सत्तर सेंटिमीटर. इथून इथं, पंचाहत्तर. इथंही सत्तर." टेप गुंडाळत म्हणाले, "नेझाहत हानम, रानात असं जोडीजोडीनं, माप घेऊन कोण उगवतं? आणि ही मखमली पानाची जात समुद्राकाठची. ती हजार मीटर चढून इथं आली ती कशानं, बसनं?"

मुख्तारानं संधी सोडली नाही. "साहेब, आमची माणसं वेळेवर कांदे लावत नाहीत, फुलं कुठली लावतात!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमचा आवाज अगदी शांत होता. "मी चौकशी केली आहे. या केझबानताई. यांनी भाकरीवर हात ठेवून मला सांगितलं आहे की इथं कुणीही काहीही लावलेलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात ताकाच्या ग्लासांचा ट्रे होता.

"ताक घ्या," मी म्हणाले, "गार आहे."

बाई, त्या वेळी तुम्ही माझ्याकडं जसं बघितलंत तसं माझ्याकडं आयुष्यात कुणी बघितलं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही पुढं झालात, एक ग्लास उचललात, प्यायलात, ट्रेवर परत ठेवलात आणि "आभारी आहे" म्हणालात. त्यानंतर आपण बोललो नाही. तुमची बॅगसुद्धा ड्रायव्हरनं येऊन नेली.

मला ठाऊक होतं. आता लिहून टाकते. सासूबाईंनी काही कंद लावले होते, फार वर्षांपूर्वी, औषधाला की काय म्हणून. किती आणि कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

केझबान

*

१२ नोव्हेंबर १९९६

नेझाहतबाई,

सासूबाई गुरुवारी गेल्या. शेवटचे दोन दिवस त्या गावात नव्हत्याच, तंबूत होत्या, उंटावर सामान चढवत होत्या. मला म्हणाल्या, "खिंड ओलांडली का? पोरीला वारा लागू देऊ नकोस." कुठल्या पोरीला, ते घरात कुणी विचारलं नाही. दुर्मुश उठून बाहेर गेला.

काल त्यांच्या नावानं हलवा वाटला. आज घर रिकामं आहे. मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. औषधाला नव्हते लावले.

आम्ही आता घरं बांधून बसलो, पण माझं लग्न झालं तेव्हा आमची माणसं अजून फिरती होती. हिवाळा समुद्राकाठी, उन्हाळा वरच्या कुरणात, आणि मधली वाट शेळ्यांच्या पावलांनी. येनीयुर्त त्या वाटेच्या मध्यावर. बाळंतपणं वाट बघून होत नाहीत. कुणाचं मूल खाली झालं, कुणाचं खिंडीत, कुणाचं बर्फाच्या कडेला. आणि चाळीस दिवसांच्या आत जे गेलं त्याला दगड नाही, नाव नाही, कबरस्तानात जागा नाही, असं आमचे म्हातारे म्हणायचे. इमाम म्हणतो असं कुठंही लिहिलेलं नाही. पण म्हातारे इमामाच्या आधीचे.

अशी पोरं सावलउतारावर ठेवायचे. दगड लावायचा नाही, म्हणून बायकांनी दुसरं काढलं. मूल ज्या जागी जन्मलं, तिथली भुईभाकर खणून आणायची. एक उशाशी, एक पायाशी. म्हणून तुमच्या त्या प्रोफेसरांची टेप सत्तर दाखवत होती, पंचाहत्तर दाखवत होती. त्यापेक्षा लांब मूल कुठून असणार, बाई?

समुद्राकाठची, खिंडीतली, कुरणातली, सगळी अशी एका उतारावर आली. प्रत्येकीचं पान वेगळं, कारण प्रत्येकीचं मूल वेगळ्या डोंगरावर झालं.

माझी गुलिझार मे महिन्यात खिंडीत झाली. आम्ही तिला नाव ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. अडतीस दिवस. दोन दिवस कमी पडले. सासूबाई एकट्या मागं चालत खिंडीत गेल्या आणि चमच्यानं खणून दोन छोटे कंद ओच्यातून घेऊन आल्या. त्या जातीला फूल फेब्रुवारीत येतं, पंख्याच्या पात्यांसारखं पिळलेलं. ते तुमच्या वहीत नाही. तुम्ही दर वर्षी सप्टेंबरात यायचात आणि नोव्हेंबरात जायचात, आणि दर वर्षी निघताना विचारायचात, "हिवाळ्यात इथं काही फुलतं का, केझबानताई?" मी सांगायची, "हिवाळ्यात इथं फक्त खोकला असतो." तुम्ही हसायचात.

आता ती भाकरीवरची शपथ. त्र्याण्णव साली खाणवाले माप घ्यायला आले आणि त्यांनी खडकांवर लाल फुल्या मारल्या. सावलउताराच्या मधोमध एक. सासूबाई आणि मी मुख्तारकडं गेलो. म्हटलं, तिथं पोरं आहेत. तो म्हणाला, "दगड दाखवा." दगड नाहीत म्हटलं. "नावं दाखवा, रजिस्टरात." रजिस्टरात कुठून असणार? तो वाईट बोलला नाही, चहा दिला. म्हणाला, "ताई, मी साहेबाला काय सांगू? इथं कुणीतरी आहे, पण कोण ते माहीत नाही?"

त्याच महिन्यात तुम्ही तुमचा कागद पाठवलात, की इथं जगात कुठं नसलेली जात आहे, दोन जातींच्या मधली. आठ दिवसांत सरकारी जीप आली आणि काम थांबलं. त्या पोरांसाठी जे झालं नाही ते एका फुलासाठी झालं. मला आनंद झाला, आणि असा संतापही आला की त्या दिवशी दोन पोळ्या करपल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसलात. तुमच्या मनात शंका आली होती, म्हणूनच आलात. म्हणालात, "एकच विचारते. खालची मखमली पानाची दोन झाडं मला कळत नाहीत. कुणी लावली तर नाहीत ना? असेल तर आत्ता सांगा, अजून कागद मागं घेता येईल. पुढं नाही येणार." माझे हात पिठात होते. मी गरम भाकरीवर हात ठेवला आणि म्हटलं, "नाही. अल्लानं लावली."

तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात आणि माझ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्लात.

तुमचं नाव, नोकरी, पंधरा वर्षांचं शिक्षण मी माझ्या अडतीस दिवसांच्या पोरीवर टाकलं. पुन्हा तोच प्रसंग आला तर मी काय करीन, ते मला लिहिता येत नाही.

केझबान

*

८ डिसेंबर १९९६

नेझाहतबाई,

तुमच्या आईंचं पत्र आलं. तुम्ही मनिसाला मुलींच्या शाळेत शिकवता, रविवारी घरी येता, माझी पत्रं न उघडता खणात टाकता. अंजिरं शेजाऱ्यांना दिली. आईंनी लिहिलं आहे, "मुली, तू लिहीत राहा की थांब, हे मी कसं सांगू? ती खण बंद करते, पण कुलूप लावत नाही."

एवढ्यावर मी लिहिते आहे.

खाण पुढं सरकली. खांदा पूर्ण गेला, तिथं आता आकाश आहे. दुर्मुश सांगतो, फेब्रुवारीच्या आत सावलउतार. तो हे जेवताना सांगतो, ताटाकडं बघून.

हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा मी एक काम काढलं. तुमची वही उघडली आणि मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या. कुणाचं मूल, कुठं जन्मलं, कुठल्या साली, भुईभाकर कुठून आणली. मग घरोघर गेले.

तुम्हाला वाटेल बायका रडल्या असतील. पहिल्यांदा तर शिव्याच खाल्ल्या. हाजेर आजीनं, तीच ती दात नसलेली, जी तुमच्या पँटवरून तुम्हाला चिडवायची, मला उंबऱ्यातच थांबवलं.

"साठ वर्षांनी विचारतेस? इतकी वर्षं कुठं चरायला गेली होतीस?"

"आजी, आता उतार जाणार आहे."

"जाऊ दे. मी पण जाणारच आहे."

मी वळले. तिनं मागून हाक मारली. "समुद्राकाठची लिही. मखमली पान. हात लावला की मांजराच्या कानासारखं लागतं. त्याचा बाप म्हणायचा, पोरगं पाण्याजवळ झालंय, मासे पकडेल." मग बराच वेळ काठीनं जमीन टोकरत बसली. "पोरगं म्हणजे पोरगाच होता. लिहिलंस का? मुलगा, म्हणून लिही."

तुम्हाला न कळलेली ती मखमली पानाची दोन झाडं त्याची.

एकीनं सांगितलं, तिनं इतकी वर्षं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं की ती तिथं जाते, सरपण आणायच्या निमित्तानं. एकीला साल आठवत नव्हतं, पण त्या वर्षी टोळ आले होते एवढं आठवत होतं. दोघी तर शेजारणी, चाळीस वर्षं एका भट्टीवर पोळ्या भाजतात, आणि दोघींची पोरं शेजारी शेजारी आहेत हे दोघींनाही माहीत नव्हतं. माझ्यासमोर कळलं. मग त्या एकमेकींच्या पदराला लागलेलं पीठ झटकत बसल्या.

सतरा मुलं. नऊ आया अजून जिवंत, बाकीच्यांचं लेकीसुनांनी सांगितलं. चौतीस कंद, आठ ठिकाणांहून. यादी सोबत पाठवते. दुसरी प्रत अंकाराला त्या प्रोफेसरांना पाठवली. खाली लिहिलं की नेझाहत हानमना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, खोटं मी बोलले.

आता यादीतलं नीट बघा, कारण हे तुमच्या कामाचं आहे. करवती कडेची सहा पोरांची, साध्या कडेची पाच पोरांची. मधली कुणाचीच नाहीत. मी प्रत्येकीला विचारलं, कागदावर पाकळी काढून दाखवली, अर्धी दातेरी, अर्धी साधी. सतराही घरांत एकच उत्तर: असली आम्ही कधी आणली नाही.

म्हणजे ती तिथंच झाली. तुम्हीच शिकवलं होतं की फूल गेल्यावर देठ गोगलगाईसारखा गुंडाळतो, बोंड मातीला टेकतं, आणि बीवरच्या गोडीसाठी मुंग्या ते उचलून नेतात. आयांनी आणलेली ती आणलेलीच होती, पण त्यांच्यातून पुढं जे झालं ते त्या उताराचं स्वतःचं होतं. तुम्ही जे लिहिलंत त्यातलं अर्धं चुकलं, ते माझ्यामुळं. अर्धं बरोबर होतं, ते तुमचं.

हे पत्र तरी उघडा.

केझबान

*

२७ जानेवारी १९९७

नेझाहतबाई,

तुमचं कार्ड मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी घडलं ते क्रमानं सांगते.

गेल्या सोमवारी दुर्मुश म्हणाला, उद्या दुपारी तीनला सावलउतार उडवणार. मंगळवारी सकाळी आम्ही बायका खाणीच्या मुकादमाकडं गेलो. हाजेर आजीला गाढवावर बसवून नेलं. मुकादम परका माणूस, अदानाकडचा. यादी वाचायला लागला आणि तिसऱ्या ओळीवर थांबला. म्हणाला, "थांबवणं माझ्या हातात नाही. तीनपर्यंत वेळ आहे. काय न्यायचं ते न्या."

थंडी अशी होती की माती दगड झाली होती. पहारी, कुदळी, चुलीवरचे चिमटे, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन आम्ही वर चढलो. पानं सगळीकडं होती, हिरवी, चांदीची, एकासारखं एक नाही. जिला जी जागा ठाऊक होती ती तिथं बसली.

दुर्मुश खाली यंत्रावर होता. बावीस वर्षांत तो त्या उतारावर कधी आला नव्हता. मी मनात धरून ठेवलं होतं की त्याला जागासुद्धा आठवत नसणार. तो यंत्र बंद करून वर आला, माझ्या हातातली पहार घेतली, आणि मी दाखवायच्या आधी सरळ गेला. पाइनच्या उजव्या अंगाला, मोठ्या खडकापासून चार पावलं. गुडघे टेकून बसला.

मी म्हटलं, "तुला कसं ठाऊक?"

तो मान वर न करता म्हणाला, "खोदलं कुणी होतं?"

बाई, एवढी साधी गोष्ट मला बावीस वर्षांत सुचली नव्हती.

गुलिझारच्या झाडाला फूल आलेलं होतं, फेब्रुवारीच्या आधीच. एकच, अर्धवट उमललेलं. त्यानं पहार बाजूला ठेवली आणि हातांनी उकरलं. दोन्ही कंद टोपीत ठेवले. मग हाजेर आजीकडं गेला आणि तिला विचारलं, "आजी, तुझा कुठं?" तिनं काठी रोखली. तिचाही काढून दिला. मग तिसरीचा. पोरांचं काही सापडलं नाही, हाडंबिडं काही नाही. काही ठिकाणी माती थोडी काळी होती, ती ओंजळीनं उचलली. अडीचला आम्ही खाली उतरलो. मुख्तार कबरस्तानाच्या भिंतीशी फावडं घेऊन उभा होता, कुणी बोलावलं नव्हतं. इमामानं दुआ म्हटली. सतरा जागा केल्या, उशाच्या आणि पायाच्या कंदात तेच सत्तर-पंचाहत्तर अंतर ठेवून. दुआ चालू असताना भोंगा वाजला. कुणी मान वळवली नाही.

चौतीसपैकी एकतीस कंद निघाले. ही आमची गोष्ट झाली.

बुधवारी पोस्टमन तुमचं कार्ड घेऊन आला. मी अंगणात उभ्या उभ्याच वाचलं. तुम्ही सगळी पत्रं एका बैठकीत वाचलीत, यादी दोनदा वाचलीत, एवढं कळलं. मग खाली दोन ओळी: "केझबानताई, मधली आधी काढा. बाकीची कुठंही मिळतील."

बाई, आम्ही बाकीचीच काढली.

मी माझ्या बचावासाठी काही लिहीत नाही. चार वर्षं तुमच्याबरोबर गुडघ्यांवर बसून मी ती मोजली, तुम्ही गेल्यावर एकटीनं मोजली. दोनशे अकरा. आणि मंगळवारी मी त्यांच्यावरून चालले. खालच्या अंगाकडून वर जायची वाट त्याच पट्ट्यातून होती. आम्ही नऊ बायका, दोन लेकी, एक गाढव. खणलेली माती आम्ही त्यांच्यावरच टाकली. माझ्या पायांखाली काय आहे हे मला दिसत होतं, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की यातलं एखादं उचलावं. ती कुणाची नव्हती ना. आया नव्हत्या त्यांना. असत्या तर एखादी वाकली असती.

ती तुमची होती, हे मला कार्ड हातात आल्यावर कळलं. तुमच्या आईंनी एकदा मला विचारलं होतं की नेझाहतनं लग्न का केलं नाही, आणि मी म्हटलं होतं, तिला वेळ कुठंय, ती आमच्या डोंगरावर असते. तेव्हा मी ते थट्टेनं बोलले होते.

शनिवारी दुर्मुशनं मला ढिगाऱ्यावर जाऊ दिलं. मुकादमाकडं पाठ करून उभा राहिला, एवढंच. सगळीकडं संगमरवराचा पांढरा चिखल, त्यात पाइनची फाटकी खोडं. मी हातांनी चिखल चाळला. मधल्यांचे वाटाण्याएवढे कंद चिखलात दगडापासून वेगळे ओळखू येत नाहीत. बोटं बधिर झाल्यावर तर काहीच कळत नाही. एक कंदही मिळाला नाही. एक पान मिळालं, देठासकट, मुळाशिवाय. धुऊन, टिपकागदात दाबून या पाकिटात घातलं आहे. खालून गुलाबी झाक आहे, वरून चांदीचा डाग गोल आहे. म्हणजे मधल्यातलं असेल. पण वरच्या जातीतही कधी कधी गुलाबी पान निघतं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. पाकळीची कड बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

मला तर सांगताच येत नाही. तुम्हालाही येणार नाही, हे माहीत असून पाठवते आहे.

केझबान